आमच्या घरची तोंडे आणि कळवणचे मौन

दुसऱ्याचे वाईट बोलणे अर्जात उतरवून घेणे, हे आमच्या व्यवसायातील सर्वांत नाजूक काम होय. कचेरीच्या आवारात माझ्या टेबलासमोर माणूस बसतो आणि सांगतो, ‘‘साहेब, चुलता मला सगळ्यांदेखत नाय नाय ते बोलला.’’ मी विचारतो, म्हणजे नेमके काय? तो आधी इकडेतिकडे पाहतो, मग ते शब्द सांगतो, आणि मी लिहितो : ‘सामनेवाले यांनी अर्जदारास उद्देशून अर्वाच्य भाषेचा वापर केला.’ शासनाला एवढे पुरते. अर्वाच्य, असभ्य, अविचारी, बेजबाबदार अशा मोजक्या शब्दांत शासनाचा सगळा संसार चालतो. माझे मात्र त्यात भागत नाही. ज्या घरात मी वाढलो, त्या घरात माणसाने तोंड उघडून केलेल्या प्रत्येक चुकीला स्वतंत्र नाव होते, आणि एका चुकीचे नाव दुसरीला दिलेले माझ्या आईला खपत नसे. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढील शिक्षणाची मला गरज पडली नाही, असे मी म्हणतो तेव्हा काही लोकांना तो ताठा वाटतो. परंतु ती वस्तुस्थिती आहे. भाषा मी शाळेत शिकलोच नाही. ती मी सायखेड्याला, चुलीपुढे बसून, भाकरी थापण्याच्या आवाजात शिकलो.

आमचे घर नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होते. पहाटे नदीवरचे पंप सुरू होत, त्यानंतर पिठाची गिरणी, आणि त्या दोहोंवर मात करून आमचे वडील. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते अंबडला एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला होते. दिवसभर त्या मशीनच्या धडाक्यात उभे राहून त्यांच्या कानांचे जे झाले ते झालेच. पण त्याहून अधिक त्यांच्या आवाजाचे झाले. समोरच्या माणसाला मशीनपलीकडे ऐकू जावे, अशा बेताने ते घरातही बोलत. कुजबुजण्याची त्यांची स्वतःची एक पद्धत होती. ते अंग पुढे झुकवत, हात तोंडाशी आडवा धरत, डोळे बारीक करत आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात गुपित सांगत. आई त्यांना ‘अघळपघळ’ म्हणे. तिच्या मते घरातले कुठले आणि दारातले कुठले, याचा ज्याला उंबरठा नाही, तो अघळपघळ.

घरातील दुसरे तोंड सुभद्राआत्याचे. आत्या नानांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, आणि परतताना बहुधा भीती नावाची वस्तू सासरीच ठेवून आलेली. शेजारच्या काकूंनी एकदा डिंकाचे लाडू करून मोठ्या हौसेने आणून दिले. आत्याने एक चावला, बराच वेळ जीभ दातांवरून फिरवली आणि म्हणाली, ‘‘डिंक म्हणतेस व्हय गं? मला वाटलं दार चिकटवायचं काहीतरी हाय.’’ काकू गेल्यावर मी म्हणालो की आत्या तोंडाळ आहे. त्या वेळी आई कुळथाच्या पिठाचे शेंगोळे वळत होती. तिने हात थांबवला. शेंगोळे वळताना आईने हात थांबवणे ही साधी गोष्ट नव्हती.

‘‘तोंडाळ नाय,’’ ती म्हणाली. ‘‘फटकळ. फटकळ माणूस खरं बोलतं, पण त्याची वेळ चुकते. तोंडाळ माणूस वेळ बरोबर साधतं, पण खरं बोलत नाय. वन्संना तोंडाळ म्हणशील तर जेवायला मिळणार नाय.’’

‘‘ऐकलं का रे?’’ आत्या ओट्यावरून म्हणाली. ‘‘मी फटकळ हाय. नीट बोलत जा.’’

अशा रीतीने माझे शिक्षण चालले होते. समोरचे रेशनवाले मामा उत्तर ठाऊक असताना प्रश्न विचारीत, म्हणून ते भोचक. त्यांची मुलगी ऐकलेले नेऊन पोचवी, म्हणून ती चोंबडी. मयताच्या घरीही कोटी करू पाहणारा माझा एक चुलतमामा होता, तो पाचकळ. त्याला आई चहा देई, पण बशी देत नसे. आणि मी? मी आगाऊ होतो. आगाऊ म्हणजे ज्याचे उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असते. ज्या दिवशी ते उत्तर बरोबरही निघे, त्या दिवशी मला ‘दीडशहाणा’ अशी बढती मिळे. फार संताप झाला तर ‘अकलेचा कांदा’. आणि आमच्या भागात कांद्याला असलेली प्रतिष्ठा पाहता, ती शिवी होती की गौरव होता, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही. माझ्या थोरल्या बहिणीला, मंगलताईला, मात्र आईने कधी काही नाव दिले नाही. ती पाणी भरी, दळण आणी, नानांचा डबा बांधी, आणि आमच्या सगळ्यांच्या बोलण्याच्या मधून, गर्दीच्या बाजारातून वाट काढावी तशी, अंग चोरून जात-येत असे.

त्या ताईची सोयरीक कळवणला जुळली. स्थळ उत्तम होते. मुलगा शाळेत गुरुजी, घरी डाळिंबाची बाग, वडील रामभाऊ शब्दाचे पक्के. आम्ही घर पाहायला गेलो आणि बोलणी इतकी सुरळीत झाली, की त्यांच्याच अंगणात त्याच दिवशी सुपारी फोडायची ठरली. अंगणाच्या कडेला बाजेवर रामभाऊंचे वडील पडले होते. सगळे त्यांना बाबा म्हणत. अंगावर घोंगडी, छातीत घरघर, डोळे मात्र लखलखीत. सुपारीभोवती मंडळी बसली, भटजींनी हात वर केला, क्षणभर शांतता झाली, आणि नेमक्या त्या शांततेत नाना माझ्या कानाशी झुकले, हात तोंडाशी आडवा धरला आणि कुजबुजले :

‘‘म्हातारा लय खंगलाय रे! लग्नापतुर टिकतो का नाय?’’

गोठ्यातल्या गाईनेदेखील मान वळवून पाहिले.

‘‘करतो प्रयत्न,’’ बाजेवरून बाबा म्हणाले.

कोणीतरी हसले, मग सगळेच हसले, सुपारी फुटली, प्रसंग निभावला. निभावला असे वाटले तोच बुंदीचे लाडू आले आणि आत्याने विहीणबाईंना विचारले की हे आजचे आहेत का आधीच्या कुठल्या कार्याचे राहिले होते. घरी आल्यावर आईने चूल पेटवली, तवा ठेवला, आणि पहिली भाकरी तव्यावर टाकताना एवढेच म्हणाली, ‘‘माझी पोरगी त्या घरात नांदायची हाय. तुम्ही दोघं परत कळवणला जायचं नाय.’’

परंतु जावे लागले. महिना उलटला नाही तोच बाबा गेल्याचा निरोप आला. त्यांचा प्रयत्न अपुरा पडला.

आता या निरोपाने आमच्या घरात काय घडले असेल, हे परगावच्या वाचकास चटकन उमगणार नाही, म्हणून विस्ताराने सांगणे भाग आहे. सुपारी फुटल्यावर नवऱ्या मुलाच्या घरी मयत झाले, की पहिली नजर वळते ती होणाऱ्या सुनेच्या पायगुणाकडे. घरात पाऊल पडण्याआधीच पोरीने म्हातारा खाल्ला, एवढे एक वाक्य कोणी उच्चारले की झाली सोयरीक मोडली. शिवाय आमच्या बाबतीत पायगुणावर भागणार नव्हते. साक्षात मुलीच्या बापाने भर अंगणात म्हाताऱ्याच्या टिकण्याबद्दल शंका काढलेली होती, आणि ती साऱ्या कळवणने ऐकलेली होती. ताईने निरोप ऐकला, हातातली कळशी खाली ठेवली आणि आत जाऊन बसली. ती रडली नाही. तिने कोणाला काही विचारलेही नाही. त्या दिवशी पीठ पेरून केलेली कांद्याची पात तशीच कढईत राहिली.

दशक्रियेला जाणे अटळ होते. न जावे तर तोही बोभाटा. ताईला अर्थातच नेता येत नव्हते; लग्नाआधी मुलगी सासरच्या उंबऱ्यावर जात नाही. जीप ठरवली. पुढे ड्रायव्हरशेजारी नाना, मागे आई, आत्या आणि मी. पिंपळगाव मागे पडल्यावर आईने आमचे वर्ग घेतले.

‘‘वन्सं, तुम्ही फक्त ‘देवाची मर्जी’ म्हणायचं. त्याच्या म्होरं एक अक्षर नाय.’’

‘‘आणि कोणी विचारलं, कशानं गेले, तर?’’

‘‘देवाच्या मर्जीनं.’’

‘‘आणि मला पाणी पाहिजे असलं तर?’’

‘‘तहान मारायची.’’

‘‘आणि रडायचं कसं गं?’’ आत्या हट्टाला पेटली. ‘‘रडताना तर बोलावंच लागतं. गेलेल्या माणसाचं काही सांगावं लागतं, हेल काढावा लागतो. नुसतं हुंहुं करून रडायला मला नाय येत.’’

‘‘मग रडू नका.’’

‘‘आणि मी?’’ नानांनी पुढून विचारले. ड्रायव्हर दचकला आणि जीप रस्त्याच्या कडेला जाऊन परत आली.

‘‘तुम्ही माझ्याकडं बघायचं,’’ आई म्हणाली. ‘‘माझा पदर ओठाला लागलेला हाय तवर तोंड उघडायचं नाय. पदर काढला, की मग बोला. आणि बोललाच तर, देवाची मर्जी.’’

मी घसा खाकरला. गेले काही दिवस मी मनातल्या मनात बाबांवर एक श्रद्धांजलीपर भाषण तयार केले होते. त्याची सुरुवात ‘काळाच्या अथांग प्रवाहात’ अशी होती. मी ते आईला म्हणून दाखवण्याच्या बेतात होतो.

‘‘आणि तू,’’ माझ्याकडे न पाहता आई म्हणाली, ‘‘तू आलाच नाहीस असं समज.’’

ते भाषण अजूनही मला मुखोद्गत आहे. त्या दिवशी ते होऊ दिले असते तर पुढील सर्व प्रकार टळला असता, हे माझे मत आजही कायम आहे.

आमच्या जिल्ह्यात दशक्रियेला माणसे नुसती जमत नाहीत. ती बोलतात. नदीकाठी मांडव पडतो, कर्णे लागतात, आणि एक निवेदक असतो. लग्न, उद्घाटन, निवडणूक आणि दशक्रिया अशा चारी प्रसंगी तोच एक गृहस्थ त्याच एका आवाजात बोलत असतो. तो एकेका गावाच्या पाहुण्याला नाव घेऊन पुकारतो, आणि त्या पाहुण्याने माइकपाशी येऊन दोन शब्द बोलायचे असतात. त्या दिवशी तिथे बसून ती भाषणे ऐकताना मला एक शोध लागला. लोक बाबांना ‘करारी’ म्हणत होते. आईच्या भाषेत तो हेकट. लोक म्हणत होते ‘परखड’, म्हणजे फटकळ. ‘हजरजबाबी’ म्हणजे आगाऊ. ‘बहुआयामी चर्चेची आवड’ म्हणजे उघडउघड भोचक. आमच्या चुलीपुढचेच शब्द धुतलेले धोतर नेसून, गंध लावून, माइकपुढे उभे होते. माणूस तोच, दोष तोच. केवळ कपडे बदललेले. मी थक्क होऊन ऐकत राहिलो. माझ्या हातून आजवर जे काही लेखन झाले आहे, त्याची पहिली ओळ मी त्या घाटावर शिकलो, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला : ‘‘सायखेड्याहून खास या दुःखात सहभागी होण्यासाठी आलेले, रामभाऊंचे नियोजित व्याही! त्यांना मी विनंती करतो की त्यांनी दोन शब्द व्यक्त करावेत.’’

नाना उठले. माइक हातात घेतला. पुरुषांच्या डोक्यांवरून त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिले. आता, दशक्रियेला बसलेली बाई पदर कुठे धरते, हे ज्याने एकदाही पाहिले आहे त्याला सांगायला नको. सगळ्याच बायकांचे पदर ओठांवर होते. माझ्या आईचाही होता. रीतच ती. नानांनी पाहिले, गिळले, आणि माइक ओठांपासून हातभर दूर धरून म्हणाले, ‘‘देवाची मर्जी.’’ मग खाली बसले.

घाटावर सगळ्यांनी पुढचे ऐकायला कान टवकारले. पुढचे काही आले नाही. निवेदकाने ‘भावनावेग अनावर झाला’ असे म्हणून सावरून घेतले. पण रामभाऊंनी, वपन केलेले डोके वळवून, आमच्याकडे एकदा रोखून पाहिले. बायकांच्या बाजूला तर याहून बिकट अवस्था होती. मुलाकडची एक चुलतआजी आत्याच्या गळ्यात पडून रडू लागली, आणि आत्या खांबासारखी ताठ बसलेली. शब्दांवाचून तिला रडता येत नव्हते आणि शब्दांना बंदी होती. चुलतआजीने डोळे पुसले, आत्याचे कोरडे डोळे पाहिले आणि शेजारणीला विचारले, ‘‘ह्या बाया मुक्या शेतस का वं?’’ बागलाणकडची ती बोली; ‘शेतस’ म्हणजे ‘आहेत’. तिच्यात टोमणा मारला तरी तो विचारपूस केल्यासारखा वाटतो. आत्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, पण ती बोलली नाही. जन्मात प्रथमच बोलली नाही, आणि नेमके तेच मोजले गेले.

मग पिंड ठेवले. मंडळी मागे सरली. समोरच्या बाभळीवर कावळे भरपूर होते, परंतु एकही उतरेना. अशा वेळी गेलेल्याची इच्छा राहिली असे समजतात, आणि घरचे लोक हात जोडून एकेक वचन देऊ लागतात. ‘‘बाबा, विहिरीचं राहिलेलं बांधकाम पुरं करू.’’ कावळे जागचे हलले नाहीत. ‘‘आईला अंतर देणार नाय.’’ एक कावळा खालच्या फांदीवर आला. ‘‘तुमची काळी गाय विकणार नाय.’’ तो कावळा परत वर गेला. तेव्हा रामभाऊ स्वतः पुढे झाले. नवरा मुलगा त्यांच्यामागे पाण्याचा तांब्या धरून उभा होता. रामभाऊंनी हात जोडले आणि खणखणीत म्हणाले, ‘‘बाबा, तुमच्या नातवाचं लग्न ठरल्या ठिकाणीच करू. सायखेड्याच्याच पोरीशी करू.’’

पायगुणाची गोष्ट त्यांनी अशी एका वाक्यात निकालात काढली. ज्या शब्दासाठी आम्ही जीव मुठीत धरून इतके अंतर आलो होतो, तो शब्द त्यांनी पिंडासमोर उभे राहून दिला. आता केवळ एक ‘होय’ पाहिजे होते. एक कावळा खरेच जमिनीवर उतरला आणि उड्या मारीत पुढे येऊ लागला. रामभाऊंनी नानांकडे वळून विचारले, ‘‘काय हो व्याही?’’

निवेदकाने तत्परतेने माइक नानांच्या तोंडाशी नेला. नानांनी आईकडे पाहिले. आईचा पदर ओठांवर होता. आता तर आनंदाने तिला हुंदका आला होता आणि तिने तो दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला होता. नानांनी ओठ मिटले.

‘‘व्याही?’’

मी उठू लागलो. ‘काळाच्या अथांग प्रवाहात’ जिभेवर आलेच होते. पण शेजारच्या एका धिप्पाड पाहुण्याने, मुले मोठ्यांच्यात बोलत नसतात असे म्हणून, खांद्याला धरून मला खाली बसवले. कावळा थबकला. मांडवात कुजबुज सुरू झाली. चुलतआजी आता विचारपूस न करता स्पष्टच म्हणाली की यांच्या मनात भरलेले दिसत नाही, सोयरीक मोडायला आलेत. रामभाऊंचे जोडलेले हात हळूहळू सुटले. ते नानांच्या जवळ आले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, पण माइक मध्ये होता, त्यामुळे घाटभर ऐकू गेले :

‘‘मनात दुसरं काही असलं, तर आत्ता सांगा. माझ्या बापाच्या पिंडासमोर हाय मी. नाय म्हणा, मी राग धरणार नाय. पण मुकं राहून माझा अपमान करू नका.’’

नानांच्या कपाळावर घाम फुटला होता. त्यांनी पुन्हा आईकडे पाहिले. आणि आईला, मला वाटते, त्या क्षणी प्रथम कळले की ते कशाकडे पाहताहेत.

माझी आई, जिने जन्मभर शब्द मोजून दिले, जिच्या तोंडून आम्ही कधी एकही शब्द जागा चुकलेला ऐकला नव्हता, ती आई बायकांच्या घोळक्यातून ताडकन उभी राहिली. पदर ओठांवरून गेला, डोक्यावरूनही गेला.

‘‘अहो, बोला की!’’ ती नदीच्या पलीकडे ऐकू जाईल अशी ओरडली. ‘‘तवा म्हातारा टिकतो का नाय म्हणून भर अंगणात बोंबललात, आणि आता दातखीळ बसली व्हय? म्हातारं गेलं ते गेलं! माझी पोरगी राहिलीय ना अजून घरात! हो म्हणा त्यांना, हो म्हणा, नायतर या नदीत उडी टाकीन मी!’’

त्यानंतर जी शांतता पसरली, तिला मी आजवर कोणत्याही अर्जात योग्य शब्द योजू शकलेलो नाही. आत्याने कपाळाला हात लावला. भटजींच्या हातातली दर्भाची काडी तशीच वर राहिली.

पदर निघाला होता. नानांनी माइक दोन्ही हातांनी पकडला, आणि अनेक वर्षे प्रेस मशीनवर कमावलेला आवाज, दिवसभराच्या उपासानंतर, एकाच वेळी बाहेर सोडला.

‘‘होऽऽऽ! लग्न होणार! मांडव सायखेड्यालाच पडणार! पोरगी तुमचीच!’’

कर्णे किंचाळले. त्यांतला एक कर्णा तर त्यानंतर कधीच वाजला नाही, असे नंतर समजले. आणि बाभळीवरचे, पलीकडच्या चिंचेवरचे, देवळाच्या कळसावरचे, त्या पंचक्रोशीतले म्हणाल तेवढे कावळे एकदम उठले, आभाळात एक काळा फेरा मारला आणि डोंगराच्या दिशेने निघून गेले. पिंडाकडे येत असलेला तो एकुलता एक कावळा सर्वांत पुढे होता.

सगळे रामभाऊंकडे पाहू लागले. ते पाठमोरे उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. दहाव्या दिवशी माणूस रडला तर कोणी विचारीत नाही. म्हणून कोणी विचारले नाही. बऱ्याच वेळाने ते वळले. डोळे ओले होते, पण मिशीखाली जे काही चालले होते ते रडणे नव्हते.

‘‘भटजी,’’ ते म्हणाले, ‘‘दर्भाचा कावळा करा. खरे कावळे आता पोळ्यापतुर यायचे नायत.’’ मग उपरण्याने तोंड पुसून म्हणाले, ‘‘आणि व्याह्यांचं पान माझ्या शेजारी मांडा.’’

भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडांना लावला. आमटी-भाताची पंगत बसली. रामभाऊंनी नानांना स्वतःच्या हाताने बुंदी वाढली, आणि चुलतआजीने आत्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. तो आत्याने एका घोटात रिकामा केला आणि मग, बंदी उठली असे समजून, बाबांवर हेल काढून असे सुंदर रडली की अर्ध्या पंगतीचे हात थांबले.

परतीच्या जीपमध्ये मात्र आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. देवळाबाहेर चप्पल चोरीला गेलेल्या माणसासारखा तिचा चेहरा झाला होता. ‘‘म्हातारं गेलं ते गेलं, असं म्हणाले मी,’’ ती मधूनच पुटपुटे. ‘‘त्यांच्या पिंडासमोर. दहाव्याच्या दिवशी.’’ याला काय म्हणावे, फटकळपणा की आततायीपणा की निव्वळ खुळेपणा, हे तिला ठरवता येत नव्हते, आणि आमच्यापैकी कोणाची ठरवून सांगण्याची छाती नव्हती. शेवटी आत्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘‘सुमन,’’ ती मनापासून म्हणाली, ‘‘खरं सांगते. मी बोलले असते ना, तरी एवढं वाईट मला जमलं नसतं.’’

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताई दारातच उभी होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. आम्ही जीपमधून उतरलो आणि चौघेही एकदम बोलू लागलो. नाना कर्ण्याचे सांगू लागले, आत्या चुलतआजीचे, आई हुंदके देत स्वतःच्या तोंडाचे, आणि मी सर्व वृत्तान्त क्रमवार, आधी पार्श्वभूमी आणि मग घटना, असा मांडावयास घेतला. ताईने दोन्ही हात वर केले. तिने असे पूर्वी कधी केले नव्हते, त्यामुळे आम्ही थांबलो.

‘‘लग्न हाय का मोडलं?’’

‘‘हाय,’’ आई म्हणाली.

ताईने दाराच्या चौकटीला पाठ टेकली. डोळे मिटून घेतले. गिरणी बंद झाली होती आणि गल्लीत विशेष आवाज नव्हता. मग तिने डोळे उघडले आणि हळूच विचारले, ‘‘आणि ते? ते काय बोलले?’’

आम्ही एकमेकांकडे पाहिले. गुरुजी तिथे होते, एवढे सर्वांना आठवत होते. हातात तांब्या होता. बापाच्या मागे उभे होते. सायखेड्याची पोरगी म्हणून सगळा घाट ढवळून निघाला, कावळे उडाले, कर्णा फुटला, आणि त्या माणसाने तांब्यातले पाणी सांडू दिले नाही. पण बोलले काय? नानांनी डोके खाजवले. आत्याने आठवून पाहिले. मी, ज्याला त्या दिवसाचा प्रत्येक शब्द पाठ होता, मलाही एकदेखील सापडेना.

‘‘काहीच नाय,’’ मी म्हणालो. ‘‘दिवसभरात एक अक्षर नाय.’’

ताई आमच्याकडे, एकेकाकडे, पाहत राहिली. आणि मग किती तरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आले.

‘‘मग लवकरचा मुहूर्त काढा,’’ ती म्हणाली, आणि हातपाय धुवायला आम्हाला पाणी आणायला आत गेली.